केरबा रंगाऱ्याचे हात

फार वर्षांपूर्वीची गोष्ट. किती वर्षांपूर्वीची, ते विचारू नका. सांगणाऱ्यालाच नक्की आठवत नाही. केरबाचे हात आधी निळे झाले आणि मग पिवळे, की आधी पिवळे आणि मग निळे, यातही त्याचा हल्ली गोंधळ होतो. लहानपणी ऐकलेलं कुठे संपतं आणि मागाहून आपणच भर घातलेलं कुठे सुरू होतं, ती शिवण आता दिसेनाशी झाली आहे. पण हात लाल झाले आणि मग पांढरे झाले, हे सगळ्या सोनखळीला ठाऊक आहे. तेवढं खरं धरून चालू.

तर सोनखळी हे नदीकाठचं गाव, आणि नदीच्या अंगाला रंगारआळी. त्या आळीत केरबा रंगारी राहायचा. तो बोलायचा कमी आणि घाबरायचा फार. विळ्याने बोट कापलं तर आधी विळ्याला काही झालं नाही ना ते बघणारा माणूस. पण त्याच्या हातचा रंग असा, की लुगडं फाटून त्याची वाकळ व्हायची, वाकळीचं पोतेरं व्हायचं, आणि पोतेऱ्यावरही रंग कालच दिल्यासारखा ताजा असायचा. गावात कुणी पक्की गोष्ट सांगितली की लोक म्हणायचे, “हा केरबाचा रंग आहे, उडायचा नाही.”

त्या सुमारास गावात नवी मुन्शिपालटी आली. दर तीन वर्षांनी गाव आपला प्रेसिडेंट निवडायचं, आणि त्याच दिवशी स्कूल बोर्डाचा चेअरमनही. वाचता येणारे थोडे, म्हणून प्रत्येक पक्षाला एक रंग दिलेला असे. चावडीच्या एका खोलीत प्रेसिडेंटच्या पेट्या, दुसरीत स्कूल बोर्डाच्या. हवा त्या रंगाच्या पेटीत चिठ्ठी टाकायची आणि बाहेर यायचं.

पहिल्या निवडणुकीला लोक गोंधळले. कुणाला टाकायची चिठ्ठी? केरबा चावडीवरून चालला होता. कुणीतरी हाक मारली, “केरबा, तुझा पाठिंबा कुणाला रे?” केरबा दचकला. “माझं काय घेऊन बसलात?” असं म्हणायला त्याने हात वर केला. शब्द काही तोंडातून फुटले नाहीत, पण हात सगळ्यांना दिसला. तो कोपरापर्यंत निळा होता, कारण त्या आठवड्यात त्याने निळीचा रांजण लावला होता. गर्दीतून एक हुंकार गेला. दोन्ही खोल्यांतल्या निळ्या पेट्या तुडुंब भरल्या.

तीन वर्षांनी निवडणूक लग्नसराईत आली. केरबाचे हात हळदीच्या रंगात पिवळे होते. दोन्ही खोल्यांत पिवळ्या पेट्या भरल्या.

असं म्हणतात, की तेव्हापासून मतदानाच्या आधी महिनाभर लोक केरबाच्या तोंडाकडे बघत नसत, हातांकडे बघत. केरबाने कधी कुणाला पाठिंबा दिला नव्हता. पण तसं सांगायचं कसं? ज्याला विचारायला कुणी येतच नाही, तो ‘नाही’ तरी कुणाला म्हणणार?

तिसऱ्या निवडणुकीला दोन पक्ष उभे राहिले, लाल आणि हिरवा. लालकडून प्रेसिडेंटसाठी बापूसाहेब शेलवणकर. माणूस रुबाबदार, पण कामाचा. गावात नळ आणीन म्हणाला होता, आणि आणेल असं त्याच्याकडे बघून वाटायचं. स्कूल बोर्डासाठी त्याने आपला मेव्हणा अण्णा उभा केला होता. अण्णाचा धंदा कापसाचा. रंगारआळीत मुलींची शाळा होती. ती बंद करून मुलींना ओढ्यापलीकडच्या मोठ्या शाळेत पाठवायचं, आणि रिकाम्या इमारतीत वखार घालायची, असा त्याचा बेत होता. ओढ्याला चार महिने पूर. कोण आपल्या मुलीला पलीकडे धाडणार?

हिरव्याकडून प्रेसिडेंटला एक वकील उभे होते. भले गृहस्थ, पण त्यांच्या अंगणातली विहीरही त्यांच्याच्याने उपसून होत नव्हती. स्कूल बोर्डाला मात्र वेणूबाई मास्तरीण. त्या मुलींच्या शाळेत त्यांनी एकवीस वर्षं शिकवलं होतं. केरबाची नात हौसा त्याच शाळेत तिसरीत होती. हौसाचा बाप पटकीच्या साथीत गेला होता. घरात केरबा, त्याची सून सगुणा आणि हौसा, एवढीच माणसं.

मतदानाला दहा दिवस असताना बापूसाहेब स्वतः केरबाच्या दारात आला.

“केरबा, शंभर फेटे हवेत. आलाच्या लाल रंगात. आणि तुझ्या हातचे हवेत, दुसऱ्या कुणी कापडाला हात लावायचा नाही.”

केरबाला आनंद झाला. एवढं मोठं काम त्याच्याकडे कधी आलंच नव्हतं. त्याने कापड हिरड्याच्या पाण्यात घातलं, तुरटीत घातलं, आल नावाच्या झाडाच्या मुळांचा लाल काढा उकळला आणि कामाला लागला. शंभर फेटे रंगले तेव्हा त्याचे हात कोपरापर्यंत लालभडक झाले होते.

त्याच दिवशी सगुणा बाजारातून आली ती तरातरा. टोपली आपटून म्हणाली, “मामंजी, बाजारात काय चाललंय ठाऊक आहे? अण्णासाहेबानं दवंडी दिलीय. केरबा रंगाऱ्याचा पाठिंबा लालला!”

“मी कुठं दिला?”

“तुम्ही नाही दिला. तुमच्या हातांनी दिला.”

केरबाने हातांकडे पाहिलं. मग त्याला शंभर फेट्यांचं कोडं उलगडलं, आणि तो मटकन खाली बसला.

सगुणा बसणाऱ्यांतली नव्हती. तिने निळीच्या रांजणावरचं झाकण काढलं, शेजारी हळदीचा हंडा ठेवला. “उठा. आधी निळीत हात बुडवा, मग हळदीत. लालवर बसलं नाही तर दहादा बुडवा. हिरवं झालंच पाहिजे.”

“आणि कापड कुठंय?”

“कापड कशाला हवं?”

“सगुणा, आजवर माझे हात रंगले ते कापड रंगवताना. कापडावाचून हात रंगवला तर ती खोटी साक्ष झाली.”

“आणि हे लाल हात म्हणजे खरी साक्ष होय?”

केरबाने हात पाठीमागे घेतले. सगुणाचा आवाज खाली आला. “मामंजी, मला अक्षर येत नाही. हौसा मला गावावरून आलेलं पत्र वाचून दाखवते. परवा तिनं माझं नाव लिहून दाखवलं. एवढंसं होतं. मी ते पुसू दिलं नाही भिंतीवरचं.” मग ती आत गेली.

केरबा भिंतीजवळ गेला. कोळशाने लिहिलेली तीन वेडीवाकडी अक्षरं होती. त्यालाही वाचता येत नव्हतं. हाताने चाचपावं म्हणून त्याने बोट पुढे केलं, आणि अक्षरांना लाल लागेल या भीतीने मागे घेतलं.

दुसऱ्या दिवशी, म्हणजे मतदानाच्या आदल्या दिवशी, उजाडताच त्याने शंभर फेटे बापूसाहेबाकडे पोचते केले. कामात खोट ठेवली नाही. तिथून तो सरळ नदीवर गेला आणि हात धुवायला बसला.

त्याने रिठ्याने धुतले. राखेने घासले. लिंबू चोळलं, वाळू चोळली, विटेचा तुकडा घेतला. कातडी सोलायची वेळ आली, पण रंग तसूभर हलला नाही. हलेल कसा? केरबाचा रंग होता तो. उभ्या आयुष्यात ज्या गोष्टीसाठी नाव कमावलं, तीच त्याच्या मनगटाला धरून बसली होती. घाटावर धुणं धुणाऱ्या बायका हसू लागल्या. “केरबादादा, तुमच्या रंगाची हमी तुम्हीच दिली होती की!”

ऊन डोक्यावर आलं तेव्हा केरबा कमरेइतक्या पाण्यात जाऊन उभा राहिला. दोन्ही हात पाण्यात सोडले आणि म्हणाला, “आई, जन्मभर पक्का रंग दिलास. आज एक दिवस कच्चा दे.”

असं म्हणतात, की नदी थांबली. घटकाभर पाणी वाहिलंच नाही. आणि मग हातांतून रंग सुटला. आधी लाल. पात्र या काठापासून त्या काठापर्यंत लाल झालं. लालच्या खालून तीन वर्षांपूर्वीचा पिवळा निघाला, त्याच्या खालून निळा. त्याखालून जांभळा, करडा, कुसुंबी, त्याने तरुणपणी दिलेले आणि स्वतःच विसरलेले रंग. धुणाऱ्या बायकांची पांढरी लुगडी पट्ट्यापट्ट्यांची झाली. पाण्यात बसलेल्या म्हशी रंगीत होऊन बाहेर आल्या आणि त्यांना त्यांचे धनी ओळखेनात. सगळ्यांत शेवटी फिकट गुलाबी रंग निघाला. तो केरबाच्या लग्नातल्या शेल्याचा होता. बायको जाऊन वीस वर्षं झाली होती. तो रंग वाहून जाताना मात्र केरबाने मूठ आवळली, असं म्हणतात. पण पाणी मुठीत राहत नाही.

दिवस कलताना तो घरी आला. सगुणाने दार उघडलं आणि क्षणभर तिला वाटलं, कुणी परका आहे. हात तान्ह्या मुलाच्या तळव्यांसारखे पांढरे होते. तिने ते हातात घेऊन उलटेसुलटे पाहिले. “हिरवे नाही केलेत,” ती म्हणाली. मग थोडं थांबून म्हणाली, “बरं. चला, जेवून घ्या.”

मतदानाच्या दिवशी चावडीसमोर लाल फेट्यांची नुसती गर्दी. अण्णा सगळ्यांच्या पुढे. केरबा आला, निंबाखाली थांबला आणि त्याने आपण होऊन, जन्मात पहिल्यांदा, दोन्ही हात वर केले.

हात पांढरे होते. मग एक म्हातारा पुढे झाला आणि चावडीवरच्या कारकुनाला म्हणाला, “साहेब, पांढरी पेटी कुठंय?”

“पांढरी पेटी नाही, आजोबा.”

“नाही कशी? केरबाचे हात बघा की!”

दहा-बारा जण तर दोन्ही खोल्यांत जाऊन पांढरी पेटी शोधून आले. कुणी म्हणालं सरकारने लपवली, कुणी म्हणालं रात्री पळवली. अण्णा ओरडला, “अरे, काल लाल होते! माझ्या डोळ्यांनी पाहिलेत!” त्याच्याच एका फेटेवाल्याने त्याला विचारलं, “मग केरबाचा रंग उडाला म्हणायचं का, अण्णासाहेब?” हे म्हणायची छाती अण्णालाही झाली नाही.

दुपारपर्यंत एकही चिठ्ठी पडली नाही. लोक निंबाखाली बसून राहिले. केरबाकडे बघून झालं, आभाळाकडे बघून झालं. शेवटी, दुसरा काही इलाज उरला नाही म्हणून, ते एकमेकांशी बोलू लागले.

तेलाचा घाणा चालवणारी भागाक्का म्हणाली, “मला बाई नळ हवा. डोक्यावर हंडे वाहून टाळू बसली माझी. बापूसाहेब आणील नळ.”

“मग टाक लाल,” शेजारचा म्हणाला.

“पण नात मी ओढ्यापलीकडे धाडायची नाही. शाळा इथंच हवी.”

“मग टाक हिरवी.”

“मग नळ?”

भागाक्का चावडीच्या दोन दारांकडे आळीपाळीने बघत होती. “अहो,” ती म्हणाली, “खोल्या दोन आहेत. या खोलीत लाल टाकली अन् त्या खोलीत हिरवी, तर कुणी बांधून घालणार आहे का मला?”

असं म्हणतात, की हे ऐकून कारकुनाने कायद्याचं पुस्तक पहिल्यापासून शेवटपर्यंत चाळलं, आणि कुठेच मनाई सापडली नाही. भागाक्का पदर खोचून उठली. तिच्यामागे गाव उठलं.

बापूसाहेब प्रेसिडेंट झाला. नळ आला. आणि स्कूल बोर्डावर वेणूबाई मास्तरीण निवडून आल्या. लाल फेटा बांधून कितीतरी जणांनी हिरव्या पेटीत चिठ्ठी टाकली होती. बापूसाहेबाने मनावर घेतलं नाही. तो म्हणाला, “मेव्हणा माझा आहे, गावाचा नाही.” रंगारआळीची शाळा राहिली. हौसा त्याच शाळेत पुढे बाई झाली.

पण केरबाच्या हातांनी पुन्हा रंग धरला नाही. एक दिवस मागितला होता, मिळाला कायमचा. तो कापड बुडवायचा आणि पहिल्या धुण्यात रंग जायचा. महिनाभर त्याने करून पाहिलं. मग एका सकाळी त्याने रांजणावरचं झाकण काढलं, सगुणाला बोलावलं आणि म्हणाला, “बुडव हात.” आधी किती वेळ, मग किती वेळ, पाण्याचा वास कसा आला म्हणजे नीळ तयार झाली, हे सगळं त्याने तिला सांगितलं. एरवी न बोलणारा केरबा त्या वर्षी बोलबोल बोलला. सगुणाचा रंगही उडत नसे, असं म्हणतात.

आजही सोनखळीत निवडणूक आली की माणसं सकाळी आधी नदीवर जातात. केरबाच्या घाटावर दोन्ही हात धुतात आणि न पुसता तसेच मतदानाला येतात. बोटाला शाई लावणारे बाहेरगावचे कर्मचारी वैतागतात. ओल्या बोटावर शाई पसरते, पण लोक ऐकत नाहीत. रंगारआळीत पाठिंबा मागायला कुणी उमेदवार पाऊल टाकत नाही. दुसरीकडे कुणी विचारलंच, “यंदा कुणाला?” तर सोनखळीचा माणूस दोन्ही तळवे उघडे करून दाखवतो आणि आपल्या वाटेने जातो.

एका गोष्टीवर मात्र गावाचं अजून एकमत नाही. त्या दिवशी केरबाने स्वतः चिठ्ठी कोणत्या पेटीत टाकली? शेलवणकरांच्या आळीत सांगतात, दोन्हीकडे लाल, मिठाला जागला. रंगारआळीत सांगतात, दोन्हीकडे हिरवी, नातीसाठी. यावरून पारावर अजून आवाज चढतात.

सांगणाऱ्याने बऱ्याच वर्षांनी मुन्शिपालटीच्या जुन्या दप्तरातून त्या निवडणुकीची मतदारयादी काढून घेतली. त्या काळी घर ज्याच्या नावावर, मत त्यालाच. रंगारआळीची अकरा नावं होती. त्याने ती एकदा वाचली, चष्मा पुसून पुन्हा वाचली, आणि तरी भरवसा वाटेना म्हणून तिथल्या कारकुनाकडून मोठ्याने वाचून घेतली. केरबाचं नाव त्यांत नव्हतं. आधीच्या दोन निवडणुकांच्या याद्या काढल्या. त्यांतही नव्हतं.