भडंगाचा करार

“सही त्याचीच आहे ना, अप्पा?”

शिवगोंडा मगदुमांनी करारनामा स्वामींच्या पुढ्यात सरकवला. टेकडीवरच्या त्या मठात स्वामींना सगळे अप्पाच म्हणत. मगदूम मठाचे जुने शिष्य. भोजनशाळेच्या फरशा त्यांनीच बसवून दिल्या होत्या, आणि हे ते कुणाला विसरू देत नसत.

अप्पांनी कागदाकडे पाहिलंही नाही.

“कुणाची सही?”

“इराप्पाची. माझा आचारी. गावात माझं भडंग खपतं ते त्याच्या हाताच्या चवीवर. नोकरी सोडली तर तीन वर्षं दुसऱ्या कुणाकडं भडंग करणार नाही, असं लिहून दिलंय त्यानं. आणि आता निघालाय भडंगाच्याच नव्या कारखान्यात.”

“मग कोर्टात जा.”

मगदूम जरा खाकरले.

“वकील म्हणतो, नोकरी सुटल्यावर असला कागद कोर्टात टिकत नाही.”

“मग?”

“तुमच्यापुढं टिकेल, अप्पा. तोही मठाचाच शिष्य, तुमचा शब्द मोडायचा नाही.”

इराप्पा दाराशीच उभा होता. मगदुमांनीच त्याला गाडीत घालून आणलं होतं. खटला चालवायचा तर आरोपी हाताशी हवा, एवढं व्यवहारज्ञान त्यांना होतं.

अप्पांनी त्याला जवळ बोलावलं.

“लिहून दिलंयस?”

“व्हय, अप्पा. सही केल्याबिगर कामावर घेत नव्हतं.”

“भडंग सोडून दुसरं काय येतं?”

“काय सुदीक न्हाई. सोमवारपास्नं तिकडं जायचंय. पोरगी कॉलेजात हाय...”

अप्पांनी डोळे मिटले.

“दिलेला शब्द पाळ. तीन वर्षं भडंगाला हात लावायचा नाही.”

इराप्पाच्या हातातोंडाशी आलेला घास गेला होता. तरी त्यानं वाकून नमस्कार केला.

“जी, अप्पा.”

सुंठीवाचून खोकला गेला. मगदुमांची छाती फुगली. मनातल्या मनात त्यांनी मठाला एक पितळी घंटाही देऊन टाकली.

तेवढ्यात जेवणाची वर्दी आली. अप्पांनी दोघांना शेजारी शेजारी बसवलं आणि स्वतः समोर उभे राहिले.

मगदुमांच्या पानात भाकरी पडली. अप्पांनी ती उचलली आणि इराप्पाच्या पानात ठेवली.

मगदूम हसले. गुरूची लीला. वाढप्यानं दुसरी भाकरी वाढली.

अप्पांनी तीही उचलली.

“अप्पा... माझं पान रिकामं राहिलं.”

“सवय करून घे. उद्यापासून हा तुझ्याकडं जेवायला येईल. बायको आणि मुलगीही येतील.”

“माझ्याकडं? कशाला?”

“तीन वर्षं कुठं जेवतील मग?”

मगदुमांनी इराप्पाकडे पाहिलं. तो भाकरीला हात न लावता खाली मान घालून बसला होता.

“पण अप्पा, हा मला सोडून गेलाय.”

“यानं तुला सोडलंय. तू कुठं सोडलंयस याला?”

मगदूम म्हणजे आयुष्यभर घासाघीस केलेला माणूस, पण गुरूशी ती कशी करायची हे त्यांना ठाऊक नव्हतं. वाढपी तिसरी भाकरी हातात घेऊन तसाच थांबला होता.

“म्हणजे मी याला घरी बसवून पोसायचं?” मगदूम अखेर चिडून म्हणाले. “आणि हा माझं काम तरी कुठलं करणार?”

अप्पांनी वाढप्याच्या हातातली भाकरी घेतली आणि इराप्पाच्या पानात ठेवली.

“तूच लावून दिलंयस ते,” ते म्हणाले. “काही न करण्याचं.”