जलपूजनाचा नारळ

आमच्या शेजारच्या अनुसयाबाईंचं रान नव्या कालव्याच्या पार टोकाला आहे. तिथवर पाणी आलंच नव्हतं, तरी कालव्याचे साहेब कागद घेऊन आले. मी कुंपणाशी उभी होतेच.

"बाई, सिमेंटचं अस्तर आहे, थेंब गळत नाही. पाणी पोचलं म्हणून सही करा. सही झाली की काम पूर्ण धरलं जाईल, मग तक्रार चालणार नाही."

बाईंनी पेन घेतलं. "साहेब, सोमवारी जलपूजनाला तुम्ही वर कालव्यात नारळ सोडलात ना? तो इथं आला की लगेच करते."

साहेब जीपमधून नारळ शोधत गेले. तो अर्ध्या वाटेत, फुटलेल्या अस्तरापाशी गाळात रुतला होता.

दुसऱ्याच दिवशी तिथं सिमेंटचा मिक्सर आला. आठवड्यानं नारळ तरंगत टोकाला पोचला. बाईंनी तो फोडला, साहेबांच्या हातावर खोबरं ठेवलं आणि मगच सही केली.