जिभेवर सोडलेले पाणी

एका राज्यात महार्घसेन नावाचा राजा होता. नावातच महागाई, मग स्वभावात का नसावी? राजवाड्याच्या अंगणात गोड्या पाण्याची विहीर होती, पण तिचे पाणी राजा पाय धुवायलाही घेत नसे. "फुकट मिळते ते काय प्यायचे?" असे म्हणे.

एके दिवशी कंकोळ नावाचा मांत्रिक रत्नजडित सुरई घेऊन दरबारात आला. एका घोटाचे मोल एक हत्ती. राजाने हत्ती दिला, घोट घेतला, डोळे मिटले. "अमृत!" दरबाराने न पिताच माना डोलावल्या. सुरई अंगणातल्याच विहिरीवर भरली होती, हे मांत्रिकाने सांगितले नाही. कोणी विचारलेही नव्हते.

"एवढे मोल देणारा आजच भेटला," मांत्रिक म्हणाला. "राजा, वर माग."

"मोलाचीच चव कळेल अशी जीभ दे. मला दे, माझ्या वंशाला दे."

"दिली."

तेव्हापासून हिरा मोजून घेतलेले सरबत राजाला स्वर्गाहून गोड लागे, कवडीचे ताक सपक लागे, आणि फुकटचे सारे कडू जहर. राजा तोऱ्यात मिरवू लागला. मागितला तो वर नव्हे, शाप आहे, हे कळायला घरात पाळणा हलावा लागला.

राणी शर्वाणीला मुलगी झाली. राणीने तिला छातीशी धरले. मुलीने थेंब चाखला आणि तोंड वेडेवाकडे करून थुंकला. पुन्हा दिला, पुन्हा थुंकला. आईचे दूध ते, त्याला कुठले मोल? राजाने घाईने राणीच्या हातावर मोहर ठेवली.

"महाराज, माझ्या दुधाला भाव लावता?" राणी कडाडली. तरी पोरीसाठी तिने मूठ मिटली. उपयोग झाला नाही. पिणाऱ्यानेच मोल द्यायचे, आणि तान्ह्या जिवाजवळ द्यायला काय असणार!

सुईण भिवराईने मुलीच्या टाळूवरून हात फिरवला. "दिवस मावळेतो पोटात काही गेलं नाही, तर पोर हाती लागायची नाही, महाराज."

खिडकीत पाणकावळा बसला होता. तो म्हणाला, "राजा, कशी जिरली? आता कोरड्या तळ्याकाठी कंकोळाकडे जा." राजा तसाच अनवाणी धावत सुटला.

मांत्रिक म्हणाला, "दिलेला वर मला परत घेता येत नाही. तो तुलाच टाकावा लागेल. तीन कामे कर."

पहिल्या कामाला त्याने राजाचे डोळे बांधले आणि तीन पेले पुढे ठेवले. एक सोन्याचा, एक पितळेचा, एक मातीचा. प्रत्येकातले पाणी त्याने स्वतःच राजाच्या तोंडात ओतले. "महाग कोणते?"

तिन्ही घोट फुकटचे, तिन्ही कडूच; राजाने ते थुंकले आणि त्याची जीभ गोंधळली. "आधी किंमत सांग, मग चव सांगतो."

"तिन्ही पाणी एकच," मांत्रिक म्हणाला. राजाची मान खाली गेली. मान खाली घालणे हेच पहिले काम होते.

दुसरे काम पाणपोईवर. येईल त्याला पाणी पाजायचे, कवडी घ्यायची नाही. ऊन रणरणत होते. एका मोळीवालीने मोळी उतरवली आणि ओंजळ पुढे केली. ती प्यायली, पाणी तिच्या कोपरांवरून ओघळले. "जीव थंड झाला रे बाबा!" म्हणत तिने पदराने तोंड पुसले. राजाला तिचा हेवा वाटला. मग घरची पोर आठवली आणि त्याला रडूच फुटले.

तिसरे काम मांत्रिकाने एका वाक्यात सांगितले. "तुला सर्वांत प्रिय असेल त्यावर पाणी सोड."

राजाने पाणपोईच्या रांजणातून ओंजळीत पाणी घेतले. "मुकुटावर पाणी सोडले!" काही झाले नाही. "खजिन्यावर सोडले! राज्यावर सोडले!" काहीच झाले नाही. उन्हे उतरू लागली.

"अरे, मुकुटाने वर मागितला होता का?" पाणकावळा फांदीवरून खेकसला.

राजा थबकला. मुकुट देणे सोपे होते. ज्या जिभेवर तो चारचौघांत ऐट करी, तीच सोडवत नव्हती. त्याने ओंजळ पुन्हा भरून घेतली. "या जिभेवर पाणी सोडले," म्हणाला, आणि ओंजळ तोंडात रिकामी केली.

फुकटचे पाणी! कडू जहर! थुंकू नये म्हणून त्याने दोन्ही हातांनी तोंड दाबून धरले. मुलीचे नावही अजून ठेवलेले नव्हते. "बाळे, बाळे" असे मनात म्हणत राजाने ते गिळले. गिळता गिळता कडवटपणा ओसरला आणि उरले ते गार, साधे पाणी. राजा हसत, रडत, पोटभर प्यायला.

"तुझा हत्ती घेऊन जा," मांत्रिक म्हणाला. "फार खातो."

"मागाहून नेईन. माझे पाय त्याच्याहून लवकर पोचतील," म्हणत राजा निघाला.

तो वाड्यात शिरला तेव्हा सूर्य टेकला होता. दाराशी भिवराई उभी होती. भिवराईने ओठांवर बोट ठेवले.

"हळू, महाराज. पितेय."

राजा उंबऱ्यावरच बसला. आतून चुटुचुटु आवाज येत होता. मध्येच थांबे, राजाचा श्वास अडके, आणि पुन्हा सुरू होई.

जशी त्या लेकीची तहान भागली, तशी तुमची आमची भागो.