शंभर दिवसांचा नियम

"आणि मोडला तर?" माताजींनी विचारलं.

"नाही मोडणार," भरतेश म्हणाला. "शंभर दिवस, रोज दहा किलोमीटर. ऊन असो, ताप असो, घरात लग्न असो. तुमच्यासमोर घेतलेला नियम मोडायची माझी छाती नाही, माताजी."

हातातली मोरपिसांची पिंछी माताजींनी मांडीवर आडवी ठेवली.

दुपारचे तीन वाजले होते. गावातल्या जैन बस्तीला, म्हणजे मंदिराला, लागून साधू-साध्वींना उतरायला दोन खोल्या बांधल्या आहेत, त्यातल्या पुढच्या खोलीत हे चाललं होतं. दार सताड उघडं. माताजी पाटावर, भरतेश चार हात लांब जमिनीवर, आणि त्याचा उजवा पाय सरळ पुढं पसरलेला. साध्वीसमोर कुणी असं पाय पसरून बसत नाही. पण त्याला तो दुमडता येत नव्हता, काय करणार.

माताजी सत्तरी ओलांडलेल्या. एक पांढरी साडी, अनवाणी पाय. या साध्वींनी वाहनात बसायचं नसतं. वर्षाचे आठ महिने गावोगाव चालत राहायचं आणि पावसाळ्याचे चार महिने एका गावी थांबायचं. असं त्यांनी एकेचाळीस वर्षं केलं होतं.

भरतेश मगदूम सूतगिरणीत सुपरवायझर. वय पंचेचाळीस. अकरा दिवसांपूर्वी त्यानं आयुष्यातली पहिली मॅरेथॉन पुरी केली होती. बेचाळीस किलोमीटर, चार तास एक्कावन्न मिनिटं. तेव्हापासून तो जिना उलटा उतरत होता, कठडा धरून, लहान पोरासारखा. दोन नखं काळी पडली होती. आणि नडगीच्या हाडाला बारीक चीर होती, ती डॉक्टरांनी फोटोत बोट ठेवून दाखवली होती.

"सहा आठवडे पळायचं नाव नको," डॉक्टर म्हणाले होते. "पळालात तर हाड तुटेल. मग काठी घेऊन फिरा."

आता कुणी म्हणेल, मग हा बाबा रोज दहा किलोमीटर पळायचा नियम कशाला मागतोय?

तर त्याचं असं आहे. आमच्या भागात साध्वी गावात आल्या की लोक त्यांच्यासमोर हात जोडून नियम घेतात. कुणी वर्षभर बटाटा सोडतं, कुणी गोड सोडतं. एक बाई तर सुनेशी भांडण सोडायचा नियम घेऊन गेली आणि आठवड्याच्या आत प्रायश्चित्त मागायला परत आली. पण एकदा नियम घेतला की घरचं कुणी आड येत नाही. नवरा येत नाही, बायको येत नाही, डॉक्टरला तर कुणी विचारतच नाही.

भरतेशनं नेमकं हेच हेरलं होतं.

पावसाळ्याआधी घाटात पंचाहत्तर किलोमीटरची शर्यत होती. आजपासून बरोबर नव्वदाव्या दिवशी. फॉर्म भरायची मुदत आज संध्याकाळी सहापर्यंत. घरी त्रिशलानं, म्हणजे त्याच्या बायकोनं, काल स्पष्ट सांगितलं होतं, "फॉर्म भरलात तर मी तुमच्याशी बोलणार नाही." आणि तसं बोलून ती त्याच्या पायासाठी मिठाचं पाणी गरम करायला उठली होती.

नियम मिळाला की तिचं तोंड बंद. एवढा साधा हिशेब.

"पाय दुखतोय?" माताजींनी विचारलं.

"दुखणारच. त्याचं काही नाही."

"झोप लागते?"

"नाही."

"दुखतंय म्हणून?"

"नाही... तसं नाही."

"मग?"

"पुढचं काही ठरलेलं नाही म्हणून," तो म्हणाला. आणि मग आपण इतकं खरं कसं बोललो याचंच त्याला नवल वाटलं.

माताजी गप्प राहिल्या. त्यांची ही गप्प राहण्याची पद्धत वाईट होती. समोरच्याला बोलावंच लागायचं.

"पदक गळ्यात घातलं तेव्हा बरं वाटलं," तो म्हणाला. "दोन दिवस बरं वाटलं. गिरणीत पेढे वाटले. तिसऱ्या दिवशी शिफ्टला गेलो, मशीन चालू केली, आणि एकदम... काहीच नाही. नऊ महिने उठून पळत होतो, आता उठून काय करायचं? पळायला लागल्यापासून लोक मला 'पळणारे मगदूम' म्हणतात, माताजी. त्याआधी मगदूम कोण, तर रात्रपाळीचे. बस."

"आणि आता दमलास."

"नाही," भरतेश लगेच म्हणाला.

माताजींनी त्याच्या पायाकडं पाहिलं. मग चेहऱ्याकडं पाहिलं.

"...दमलोय," तो म्हणाला. "लई दमलोय. पण थांबलो तर संपलो, असं वाटतं. म्हणून तर नियम द्या. नियम असला की मनाला विचारावं लागत नाही."

"पळाल्याशिवाय राहवत नाही तुला?"

"नाही राहवत."

"मग नियम कशाला हवा? भुकेल्यानं जेवायचा नियम घेतलेला मी कधी ऐकला नाही."

भरतेशला हसू यायला हवं होतं. आलं नाही.

"मी सोडायचे नियम देते," माताजी म्हणाल्या. "धरायचे देत नाही. सोडायचं असेल तर बोल."

"सोडतो की. गोड सोडतो, शंभर दिवस."

"गोड आवडतं?"

"...फारसं नाही."

"मग ते आधीच सुटलंय."

"चहा सोडतो."

"पळणारी माणसं चहा पितात?"

भरतेश खाली बघत राहिला. गेल्या मे महिन्यातच त्यानं चहा बंद केला होता. आता तिसरं काय सांगावं, हे त्याला कळेना, कारण तिसरं जे होतं ते त्याला चांगलंच ठाऊक होतं, आणि ते माताजी मागतील अशी त्याला भीती वाटत होती. पळणं सोड म्हणाल्या तर? समोर हात जोडून बसल्यावर नाही कसं म्हणणार? आपण होऊन चालत आलो आपण इथं, लंगडत.

पण त्यांनी ते मागितलं नाही.

मग त्यानं दुसरी वाट धरली.

"तुम्ही स्वतः थांबता का, माताजी? एकेचाळीस वर्षं चालताय. मी आकडा काढला होता. वर्षाला हजार धरले तरी चाळीस हजार किलोमीटर होतात. अख्ख्या पृथ्वीला एक फेरी."

"असेल."

"तुम्ही मोजलं नाही कधी?"

"नाही बाबा."

"मग मी पळतो त्याचंच तेवढं नवल का?" त्याचा आवाज जरा चढला. दमलेल्या माणसाला राग लवकर येतो. "तुम्हीही एक गाव झालं की दुसरं गाव करता. उद्या इथून निघालच ना?"

"उद्या नाही निघणार."

"परवा?"

"धाकट्या माताजींचा ताप उतरला की."

आतल्या खोलीत कुणीतरी कण्हलं. तेव्हा कुठं भरतेशला आठवलं, की दोघी आल्या होत्या. धाकट्या माताजींच्या टाचा फुटून त्यात पू झाला होता, वर ताप. त्रिशला रोज पथ्याचं बघायला येत होती, घरी सांगतही होती. त्यानं ऐकलं होतं. म्हणजे कानांवर पडलं होतं.

"किती दिवस झाले तुम्हाला इथं?"

"दहा."

"आणि जायचं कुठं होतं?"

"कर्नाटकात. डोंगरावर आमचं क्षेत्र आहे, तिथं. आमच्या गुरुमाताजी होत्या तिथं. त्यांनी सल्लेखना घेतली होती. अन्न सोडलं होतं, पाणीही थोडंच घेत होत्या. निरोप आला, शेवटचं भेटून जा. म्हणून निघालो होतो."

"किती लांब?"

"लोक म्हणतात, इथून एकशेतीस किलोमीटर."

भरतेशचं डोकं आपोआप चाललं. त्याला आकडा दिला की त्याचं डोकं पळायला लागायचं, पाय असो नसो.

"तुम्ही रोज पंधरा करता. नऊ दिवस लागले असते. गावातल्या लोकांनी धाकट्या माताजींना सांभाळलं असतं. सोबतीला बाया आल्या असत्या, माझी बायकोच आली असती. तुम्ही त्याच दिवशी निघाला असता तर... काल पोहोचला असता."

"परवा," माताजी म्हणाल्या. "मी रोज सतरा-अठरा करते. परवा संध्याकाळी पोहोचले असते."

भरतेश त्यांच्याकडं बघत राहिला. म्हणजे यांनीही आकडा काढला होता.

"मग अजून निघा की, माताजी. उद्या पहाटे..."

"काल पहाटे त्या गेल्या. आज सकाळी निरोप आला."

बस्तीत त्या दिवशी कुणी मोठ्यानं बोलत नव्हतं. दारातल्या बायका नुसत्या नमस्कार करून जात होत्या. हे सगळं भरतेशच्या डोळ्यांसमोर झालं होतं आणि त्यानं पाहिलं नव्हतं. सकाळी तो रात्रपाळीची झोप काढत होता, उठून तसाच इकडं आला होता, आणि आल्यापासून स्वतःच्या नडगीबद्दल बोलत होता.

त्याला लाज वाटली. अशी लाज त्याला कित्येक वर्षांत वाटली नव्हती.

"माताजी... मला माहीत नव्हतं."

"नसेल."

"त्यांच्यापाशी किती वर्षं होतात तुम्ही?"

"बत्तीस वर्षं त्यांच्या मागं चालले. त्यांच्या टाचा बघत. पुढचा रस्ता मला कधी बघावाच लागला नाही." माताजींचा आवाज होता तसाच होता. फक्त त्या फार हळू बोलत होत्या, प्रत्येक शब्द उचलून ठेवावा लागत असल्यासारख्या. "मग त्या थकल्या, एका जागी राहिल्या. तरी दर वर्षी कुठंही असलो तरी शेवटी तिकडंच जायचं, हे ठरलेलं होतं."

आतून पुन्हा कण्हण्याचा आवाज आला. माताजींनी मान वळवली, ऐकलं. आवाज थांबल्यावर मान परत इकडं केली.

"इथून निघायला उठले होते मी," त्या म्हणाल्या. "दुसऱ्याच दिवशी. कमंडलू हातात घेतला होता. उंबऱ्यापर्यंत गेले. ती आतून म्हणाली, तुम्ही व्हा पुढं, माझं मी बघते. तसं ती म्हणाली आणि मला जाता येईना."

एक माशी भरतेशच्या काळ्या नखावर येऊन बसली, ती त्यानं हाकलली नाही.

उन्हाची पट्टी दारातून आत सरकली.

मग त्याच्याच्यानं राहवलं नाही.

"मग आता पुढं काय, माताजी? कुठं जाणार?"

माताजींनी त्याच्याकडं पाहिलं. त्या रागावल्या नव्हत्या. पण त्यांनी इतका वेळ पाहिलं, की आपण काय बोललो ते त्याचं त्यालाच ऐकू आलं.

"हे सोड," त्या म्हणाल्या.

"काय?"

"हेच, पुढं काय. गोडापेक्षा जास्त आवडतं ना तुला?"

भरतेशनं नखावरची माशी हाकलली.

"नियम मागायला आलास ना? शंभर दिवस 'पुढं काय' म्हणून विचारायचं नाही. कुणाला नाही, मनातल्या मनात नाही. पाय बरा झाला आणि पळावंसं वाटलं तर पळ. दुखलं तर बस. त्याबद्दल माझं काही म्हणणं नाही."

शंभर दिवस. भरतेशचं डोकं पुन्हा चाललं. शर्यत नव्वदाव्या दिवशी. फॉर्म आज सहापर्यंत. तो फॉर्म म्हणजे 'पुढं काय'शिवाय दुसरं काय होतं? तो न भरता गिरणीत कसं जायचं? कुणी विचारलं, मगदूम, आता कुठली शर्यत, तर काय सांगायचं?

आणि मग त्याच्या ध्यानात आलं, की या अकरा दिवसांत असं कुणी विचारलंच नव्हतं. गिरणीत नाही, घरात नाही. त्रिशला तर रोज एकच विचारत होती, पाय दुखतोय का. आणि तो तिच्यावर खेकसत होता.

त्याला राग आला. फसवल्यासारखं वाटलं. आणि मग त्या रागाच्याही खालून असा काही थकवा वर आला, की भिंतीला टेकून तिथंच झोपावं असं त्याला वाटलं. डोळे भरून आले. पंचेचाळीस वर्षांचा माणूस, दार सताड उघडं, बाहेर बायका. त्यानं शर्टाच्या बाहीनं तोंड पुसलं.

"फार अवघड आहे, माताजी."

"हो."

"बटाटा चालणार नाही?"

"नाही."

त्यानं हात जोडले. माताजींनी नऊ वेळा णमोकार मंत्र म्हणायला सांगितला. तो म्हणाला. सातव्या वेळी अडखळला, पुन्हा पहिल्यापासून सुरू केला. माताजींनी पिंछी उचलून आशीर्वाद दिला, आणि नियम लागला.

भिंतीचा आधार घेत तो उभा राहिला. डावा पाय आधी, मग उजवा.

दाराशी जाऊन तो थांबला.

"पण माताजी, एखाद्या रात्री अगदीच राहवलं नाही तर? विचारल्याशिवाय जीव थाऱ्यावर येईना, असं झालं तर मी करू काय?"

आत धाकट्या माताजींनी पाणी मागितल्यासारखा आवाज केला. माताजी पाटावरून उठायला लागल्या. एक हात जमिनीवर, एक गुडघ्यावर. उठायला त्यांना बराच वेळ लागला.

"तर मला येऊन विचार," त्या म्हणाल्या. "मला तरी कुठं ठाऊक आहे."