फिनाईलने धुतलेला बिछाना

एकदा एका कारखान्यात एक माणूस गुदमरून मेला आणि त्याच्या शोकसभेला मालकाने गुलाबपाणी शिंपडले.

हाडे उकळून सरस, म्हणजे लाकूड चिकटवायचा चिकटा, करण्याचा तो कारखाना. उकळत्या हौदांतून विषारी, कुजकट वाफ निघे. पंखा ती ओढून एका बंद खोलीत नेई. तिथे लाकडाच्या ढलप्या, काथ्या आणि शेणखत यांचा कमरेएवढा ओला बिछाना होता. त्यात डोळ्यांना न दिसणारे जीव राहत. वाफ बिछान्याखालून वर येई, ते जीव तिच्यातले विष खात आणि बाहेर साधी हवा जाई. हा बिछाना एका वृद्ध गुरुजींनी घातला होता. त्यांच्या हाताखाली शिकलेला महिपती तो रोज भिजवी, उलटवी. महिपतीचा धाकटा भाऊही त्यांचाच शिष्य आणि त्याच कारखान्यात कामाला.

एके दिवशी पाहुणे कारखाना बघायला येणार होते. मालकाला तो काळपट बिछाना घाणेरडा वाटला. त्याने त्यावर फिनाईल ओतायला लावले.

"मालक, आतले जीव मरतील," महिपती म्हणाला.

"मरू दे की! कीडच ना ती?"

जीव मेले. पाहुणे आले, छान वास आहे म्हणाले आणि गेले. दुसऱ्या दिवशी, काही जीव उरले असतील या आशेने महिपती बिछाना उलटायला आत गेला. विष आता तसेच वर येत होते आणि फिनाईलच्या वासात त्याला ते कळलेही नाही. तो बाहेर आलाच नाही.

आता त्याच्या फोटोसमोर अगरबत्त्यांचे जुडगे जळत होते. मालक बोलत होता, "महिपती आमच्या घरातलाच. पण दैवापुढे कोणाचं चालतं? उद्या सकाळी हौद पेटवू. कामात दुःख विसरतं माणूस."

धाकट्याने कोपऱ्यातले फावडे उचलले. शेजारच्याने त्याचा दंड धरला. "शांत हो बाबा. शांत हो."

तेवढ्यात गुरुजी उठले. त्यांनी सगळ्या अगरबत्त्या पाण्यात बुडवून विझवल्या आणि फोटोपुढची फुले बाजूला सारून तिथे एक घमेले ठेवले. घमेल्यात मेलेल्या बिछान्याच्या ढलप्या होत्या. फिनाईल आणि सडकी अंडी, असा दुहेरी दर्प सभेत पसरला. लोक खोकू लागले. मालकाने नाकाला रुमाल लावला.

"रुमाल काढा," गुरुजी म्हणाले. "महिपतीकडे नव्हता."

धाकटा फावडे घेऊन पुढे आला होता. "गुरुजी, मध्ये पडू नका. तुम्हीपण शांत हो म्हणणार असाल, तर तुमचं-माझं नातं संपलं!"

"नाही म्हणणार. जे तुला शांत हो म्हणतात, ते तुझ्यावर फिनाईल ओततात. तुझा संताप जिवंत आहे, तो जिवंतच ठेव. पण ते फावडे या माणसाच्या डोक्यात घातलेस, तर तुला तुरुंगात नेतील आणि उद्या हौद पेटतील. मग त्या खोलीत तुझ्या जागी कोण शिरेल, त्याचे नाव सांग."

धाकट्याने सभेत बसलेल्या माणसांकडे पाहिले. त्यांच्यातलाच कोणीतरी शिरणार होता.

धाकटा फावडे घेऊन बिछान्याच्या खोलीकडे वळला. त्याने दार सताड उघडून वारा आत खेळू दिला आणि मेलेल्या ढलप्या उपसून कारखान्याच्या फाटकात ओतू लागला. दंड धरणारा शेजारी घमेले घेऊन आला. मग बाकीचेही आले. फाटकात ढीग चढला.

"हे काय चालवलंय?" मालक ओरडला.

"बिछाना बदलतोय," धाकटा म्हणाला. "तो जिवंत झाल्याशिवाय हौद पेटणार नाही. पेटवायचाच असेल तर तुम्ही स्वतः आत जा. आधी वास घेऊन बघा, छान आहे."

मालकाने कामगारांकडे पाहिले. एकही माणूस हौदाकडे गेला नाही.

नवा बिछाना जीव धरायला कित्येक आठवडे लागले. तोवर हौद थंड राहिले. धाकटा रोज पाणी घाली, उलटवी आणि रोज मालकाला शिव्या देई. गुरुजींनी एकदाही त्याला अडवले नाही.

एका सकाळी त्याने ओंजळभर ढलप्या नाकाशी धरल्या. ओल्या पालापाचोळ्याचा वास आला; बिछाना जिवंत झाला होता. कामावरून आल्यावर दादाच्या सदऱ्याला हाच वास यायचा. तो तिथेच खाली बसला आणि पहिल्यांदा रडला.

रडून झाल्यावर उठला आणि पाण्याची नळी पुन्हा हातात घेतली.