इंजिन आणि पंखाचं रबर

रेडिओच्या रिमोटवर उडणारी छोटी विमानं लोक घरीच हलकं लाकूड चिकटवून बनवत, त्या काळातली ही गोष्ट.

दमयंतीबाईंनी सहा महिने खपून आपलं पहिलं विमान बनवलं. नाकाशी इंजिन चार स्क्रूंनी आवळलं आणि पंख मात्र एका जाड रबराने पाठीवर बांधला.

इंजिनाला ते बघवेना. "काय हो रबरबुवा," ते गुरगुरलं, "तुमची जागा भाजीच्या पुडीवर! मला बघा, मेलो तरी जागचा हलणार नाही."

रबर खट्टू झालं. 'आज काही झालं तरी पंख सोडायचा नाही,' असं त्याने मनाशी पक्कं केलं.

मैदानावर विमान झकास उडालं. पण ते आपल्याकडे तोंड करून येऊ लागलं, की रिमोटचं डावं-उजवं उलटं होतं, हे बाई ऐन वेळी विसरल्या. विमान गिरकी घेऊन थेट शेजारच्या नांगरटीत घुसलं.

त्या हिसक्यात रबराची पकड सुटली. पंख दोन कोलांट्या खाऊन गवतावर उताणा पडला. रबर शरमेने वेटोळं होऊन बसलं.

बाई धापा टाकत आल्या. पंख उलटसुलट करून पाहिला, तर साधा ओरखडाही नव्हता. "शाबास रे रबरा! वेळेवर सुटलास म्हणून पंख वाचला. तुला बांधलं होतं ते याचसाठी."

इंजिन खरंच जागचं हललं नव्हतं. त्यालाही काहीतरी बोलायचं होतं, पण त्याच्या तोंडात ढेकूळ होतं.