तांबुळगडाच्या वाटेवरचा बाईचा दगड

तांबुळगडाला चढताना अर्ध्यावर जिथे वाट दुभंगते, तिथे रस्त्याला लागूनच एक रुंद काळा दगड आहे. एक फाटा घाटाखाली कोकणात उतरतो, दुसरा पठारावरून देशावर जातो. चढून दमलेले पाहुणे हमखास त्या दगडाकडे वळतात. तेव्हा गावचे रावजी गुरव त्यांना हळूच म्हणतात, “तिथं नका बसू, पुरुषमाणसांनी इकडं सावलीत या.” आणि मग सांगू लागतात.

गडावर फार पूर्वी गजराबाई राणीसाहेबांचा अंमल होता म्हणे. राजे वारले तेव्हा त्यांचा मुलगा रायाजी पाळण्यात होता. राज्याचा शिक्का राणीसाहेबांच्या कमरेला आला आणि त्या दिवसापासून त्यांना धड झोप लागली नाही. दिराने बंड केले, तेव्हा त्याच्या कडेलोटाच्या हुकमावर शिक्का त्यांनीच उमटवला. जाऊ कुंकू पुसून समोर उभी राहिली, तेही त्यांनीच पाहिले. मूल जगले, गादी राहिली. राणीसाहेब मात्र आतून झिजत गेल्या.

रायाजी मिसरूड फुटायच्या वयाचे झाले आणि दसऱ्याला शिक्का त्यांच्या हाती द्यायचे ठरले. त्याच्या आदल्या दिवशी रायाजींच्या ताटातली खीर खाऊन मांजर मेले. खीर धाकट्या राणी कमळजाबाईंच्या मुदपाकखान्यातून आली होती. त्यांनाही एक मुलगा होता. दरबार एका तोंडाने म्हणाला, मायलेकरांना कड्यावरून लोटा. हुकूम लिहून तयार झाला. रायाजी म्हणाले, “आईसाहेब, तेवढा शिक्का.”

“उद्या तुमचाच होणार आहे,” एवढेच बोलून त्या उठल्या.

पहाटे त्या स्वतः सवतीच्या महालात गेल्या. तिला आणि तिच्या मुलाला बरोबर घेऊन पायी दरवाजाकडे निघाल्या. पहारेकऱ्यांनी शिक्का पाहिला आणि मुकाट्याने अडसर काढला. वाट दुभंगते तिथे आल्यावर कमळजाबाई थांबल्या.

“अक्कासाहेब, विष मीच घातलं. तुम्हाला ठाऊक आहे.”

“आहे.”

“मग सोडता कशाला?”

“दमले गं,” राणीसाहेब म्हणाल्या. “तुला मारलं की तुझा भाऊ चालून येणार. मग त्याला मारा, मग त्याच्या पोराला. माझ्या हातात आता तेवढं बळ नाही. जा. पोराला गादीचं नाव सांगू नकोस.”

कमळजाबाईंनी त्यांच्या पायांना हात लावला आणि मुलाला घेऊन त्या गेल्या. ती दोघे दिसेनाशी होईपर्यंत राणीसाहेब उभ्या होत्या. मग त्या तिथल्या काळ्या दगडावर बसल्या.

ऊन चढल्यावर रायाजी घोडेस्वार घेऊन खाली आले. राणीसाहेबांनी कमरेचा शिक्का सोडून त्यांच्या हातात ठेवला.

“कोणत्या वाटेनं गेली ती दोघं?” रायाजींनी विचारले. “आईसाहेब, मी राजा म्हणून विचारतो आहे.”

तेव्हा त्या म्हणाल्या, “राजे, तुम्ही पाळण्यात होतात तेव्हापासून ज्यानं त्यानं मलाच विचारलं. सगळ्यांना उत्तरं दिली. आता मला कोणी काही विचारू नका.”

एवढे बोलून त्यांनी डोळे मिटले आणि बसल्या जागी त्यांना झोप लागली. लेक बराच वेळ समोर उभा राहिला. आईला असे झोपलेले त्याने कधी पाहिलेच नव्हते म्हणे. दोन्ही वाटांवर स्वार पाठवता आले असते. त्याने ते पाठवले नाहीत. घोडे खिंकाळू लागले तसे त्याने त्यांना लांब न्यायला लावले आणि स्वतः पायी गड चढून गेला. पाण्याला निघालेल्या बायकांनी घागरी वाजू नयेत म्हणून काट्यातून वाट काढली.

राणीसाहेब पुढे गडावर परतल्या की खालच्या देवळातच राहिल्या, याबद्दल दोन मते आहेत. कमळजाबाईंचा मुलगा मात्र कधी फौज घेऊन आला नाही, असे सांगतात.

आजही गावातली बाई त्या दगडावर बसली की तिला कोणी हाक मारत नाही. घरी चूल पेटायची असो, पाहुणे खोळंबलेले असोत, सासू शोधत आली तरी लांबूनच माघारी फिरते. नंतरही कोणी तिला काही विचारत नाही.

“आणि बसायचं किती वेळ?” पाहुण्यांपैकी कोणीतरी विचारतेच.

“ते बसणारीनं ठरवायचं,” रावजी म्हणतात आणि पुढच्या चढाला लागतात.